कोकणात बँकेच्या लिलावातलं घर घेताना: नोटिशीपासून फेरफारापर्यंत

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली ती जाहिरात तुम्ही पाहिली असेल. वर 'जेथे आहे, जसे आहे, जे आहे' हे तत्त्व. खाली कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, थकबाकी, राखीव किंमत (म्हणजे बोलीची किमान किंमत) आणि मग चतुःसीमा: पूर्वेस वहाळ, पश्चिमेस ग्रामपंचायत रस्ता, उत्तरेस अमुक हिस्सा नंबर, दक्षिणेस गडगा. मुंबईत जेवढ्या पैशांत वन बीएचके मिळणार नाही, तेवढ्यात दापोली तालुक्यात चिऱ्याचं घर आणि परसात दहा माड. चाकरमान्याच्या मनात घर करायला एवढं पुरतं.

मी बँकेच्या वसुली विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत बरीच वर्षं काम केलं. अशा जाहिरातींचे मसुदे केले, दारांवर नोटिसा चिकटवल्या, आणि लिलावात घर घेऊन नंतर डोक्याला हात लावून बसलेली माणसंही जवळून पाहिली. त्यांतल्या बहुतेकांनी बँकेला घरमालक समजून व्यवहार केला होता. बँक त्या घरात कधी राहिलेली नसते. तिला तिचं अडकलेलं कर्ज सोडवायचं असतं. घराची वाट कुणाच्या जमिनीतून जाते, विहिरीत हिस्सा किती जणांचा, हे तिला बऱ्याचदा माहीतही नसतं आणि जाहिरातीतल्या त्या तत्त्वामुळे सांगण्याची जबाबदारीही ती घेत नाही. ते शोधायचं काम तुमचं. कसं शोधायचं, ते क्रमाने सांगतो.

आधी समजून घ्या: घर लिलावापर्यंत येतं कसं

हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वाटेवरचं, धरलं जातं. मग बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, मागणी सूचना काढते. त्यात कर्जदाराला ६० दिवस मिळतात. त्याने लेखी हरकत घेतली, तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ६० दिवस उलटूनही पैसे आले नाहीत, तर बँक कब्जा घेते.

इथे एक शब्द नीट वाचायला शिका. कब्जा दोन प्रकारचा असतो. सांकेतिक कब्जा म्हणजे दारावर सूचना चिकटवली, सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली, पण घरात माणसं तशीच राहताहेत. प्रत्यक्ष कब्जा म्हणजे घर रिकामं, कुलूप बँकेचं. प्रत्यक्ष कब्जा सामोपचाराने मिळाला नाही, तर बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि त्यांच्या आदेशाने महसूल आणि पोलीस खात्याची माणसं सोबत येतात.

गुहागर तालुक्यातला एक कब्जा मला आजही आठवतो. आषाढातली सकाळ, पडवीत पाणी गळत होतं. आम्ही पंचनामा लिहीत होतो: पितळी समया दोन, पाटा-वरवंटा एक, लाकडी पाळणा एक, शिसवी पेटी एक, कुलूपबंद. घरातल्या आजी तुळशीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "देवांचं पण लिवतलास काय?" मंडळ अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि देव त्यांच्या हाती दिले. तुम्ही जे घर स्वस्तात घेणार आहात, त्याच्या मागे असा एखादा दिवस असतो, हे ध्यानात ठेवून गावात वावरलात तर गाव तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहतं. शेजारी तिथलेच राहणार आहेत.

कर्जदाराकडे आणखी दोन वाटा असतात, त्या खरेदीदाराला माहीत हव्यात. बँकेच्या कारवाईविरुद्ध तो ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे जाऊ शकतो. आणि सगळी थकबाकी भरून घर सोडवू शकतो, पण २०१६ च्या दुरुस्तीनंतर ही मुभा लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितलं. खरेदीदाराच्या दृष्टीने हा मोठा दिलासा, कारण पूर्वी बोली जिंकल्यावरही कर्जदार पैसे घेऊन उभा राहायचा आणि सगळं फिसकटायचं.

बँक या मालमत्तेचं पुढे काय करते

बँक मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून किंमत काढून घेते, त्यावरून राखीव किंमत ठरवते, कर्जदाराला ३० दिवसांची विक्री सूचना देते आणि जाहिरात छापते. आजकाल बहुतेक लिलाव ऑनलाइन होतात. राष्ट्रीयीकृत बँकांच्या मालमत्ता बँकनेट या पोर्टलवर जिल्ह्यानुसार शोधता येतात. सहकारी बँका आणि वित्तसंस्थांच्या जाहिराती मात्र स्थानिक वर्तमानपत्रांतच शोधाव्यात. सहकारी बँकांनाही सरफेसी लागू आहे, हे मे २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पक्कं झालं आहे.

पहिल्या फेरीत कुणीच आलं नाही, तर बँक पुन्हा लिलाव लावते आणि त्या वेळी ३० ऐवजी १५ दिवसांची सूचना पुरते. किंमत सहसा उतरते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची वाट बघावी, असं दलाल सांगतात. त्यात तथ्य आहे, पण कोकणात एखादं चांगलं घर तीन फेऱ्या पडून राहिलं, तर त्याचं कारण अख्ख्या वाडीला ठाऊक असतं. ते कारण कळेपर्यंत उतरलेल्या किमतीकडे बघू नका.

बोलीच येत नसेल, तर बँक स्वतःही ती मालमत्ता आपल्या कर्जापोटी घेऊ शकते. पण बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापराला लागत नसलेली स्थावर मालमत्ता तिला ७ वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, रिझर्व्ह बँकेने मुदत वाढवून दिली तर गोष्ट वेगळी. म्हणून बँका अशा मालमत्ता साठवून ठेवायच्या फंदात पडत नाहीत. कधी अख्खं कर्जच मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं जातं आणि मग जाहिरातीत बँकेऐवजी त्या कंपनीचं नाव दिसतं. प्रक्रिया तीच राहते.

विक्रीतून थकबाकी आणि खर्च वजा जाता जे उरेल, ते कर्जदाराचं. कमी पडलं तर उरलेल्या रकमेसाठी बँक त्याच्या मागे जातेच. त्यामुळे तुम्ही दोन पैसे जास्त बोललात, तर त्या कुटुंबाचंही ओझं तेवढं हलकं होतं.

पहिली पायरी: जमीन शेतीची तर नाही ना?

कोकणात सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू होत नाही. म्हणजे बँक या कायद्याखाली विकते ती घरं, फ्लॅट, गाळे, बिनशेती प्लॉट, हॉटेलं, लोटे किंवा कुडाळच्या एमआयडीसीतले कारखाने. जाहिरातीत 'घर व सभोवतालची बाग' असं लिहिलं असेल, तर सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा उतारा थोडक्या पैशांत मिळतो. घराखालची चार गुंठे बिनशेती आणि बाकीची वीस गुंठे कलमांची बाग शेतीच, असं निघालं तर थांबा आणि वकिलाला दाखवा.

याचा निकाल नुसत्या सातबाऱ्यावरच लागतो असंही नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरचं एक पंचतारांकित हॉटेल २०१५ मध्ये आयटीसीने लिलावात ५१५ कोटींहून अधिक किमतीला घेतलं. त्यातली काही जमीन दफ्तरी शेतीची होती, म्हणून कर्जदार कंपनीने विक्रीलाच आव्हान दिलं. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये विक्री कायम केली, कारण ती सगळी जमीन हॉटेलसाठीच तारण दिलेली होती. खरेदीदाराच्या बाजूने निकाल लागला, पण तीन वर्षं गेली. आयटीसीला तीन वर्षं थांबणं परवडतं. तुमच्या निवृत्तीच्या पैशांना परवडेल का, ते बघा.

शेतजमिनीचे लिलाव होतच नाहीत, असं नाही. सहकारी संस्था त्यांच्या वेगळ्या कायद्याखाली विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत आंब्याच्या बागाही विकतात. पण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असावं लागतं. गावच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव आहे आणि तुमचं अजून चढलेलं नाही, तर आधी वारस नोंद करा. बोली नंतर.

दुसरी पायरी: सातबाऱ्याच्या उजव्या बाजूला बसा

सातबाऱ्यावर मालकाचं नाव सगळे बघतात. तुम्ही इतर हक्काचा रकाना वाचा. बँकेचा बोजा तिथे असणारच. त्याशिवाय कुळाचं नाव आहे का? भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का? असेल तर हस्तांतराला परवानगी लागते. सिंधुदुर्गात आणखी तीन शब्द दिसले की पाऊल मागे घ्या: वनसंज्ञा, आकारीपड आणि कबुलायतदार गावकर. या जमिनींचे वाद पिढ्यान् पिढ्या चालत आलेत आणि तुमच्या लिलावाने ते मिटणार नाहीत.

मग येतात सामाईक नावं. एका हिस्सा नंबरावर सतरा खातेदार, त्यांतले पाच मुंबईला, दोन हयात नाहीत, एक बडोद्याला. कर्ज घेतलं एकाने, तारण दिला त्याचा अविभक्त हिस्सा. बँकेने विकला तर तुम्हालाही अविभक्त हिस्साच मिळणार, आणि मग वाटप मागत बसायचं सोळा भाऊबंदांकडे. बँकेने असं तारण घ्यायलाच नको होतं, असं माझं मत आहे, पण घेतलेलं असतं. अशा मालमत्तेला किंमत कितीही कमी असो, मी हात लावू नका असंच सांगेन.

दुय्यम निबंधक कार्यालयातून मालमत्तेच्या मागच्या ३० वर्षांच्या दस्तांचा शोध काढून घ्या. बँकेचा शोध अहवाल प्राधिकृत अधिकाऱ्याकडे, म्हणजे बँकेने या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, बघायला मागा. प्रत मिळणार नाही कदाचित, पण बसून वाचू देतात. मूळ दस्तांची यादीही तिथेच बघा. आणि एक प्रश्न लेखी विचारा: या मालमत्तेवर डीआरटीत किंवा कोर्टात अर्ज प्रलंबित आहे का, स्थगिती आहे का? तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नका. ईमेल करा, उत्तर जपून ठेवा.

तिसरी पायरी: गावात जा, आणि शक्यतो पावसात जा

जाहिरातीत पाहणीची तारीख दिलेली असते. त्या दिवशी जाच, पण त्याआधी एकदा एकटे जा. वाडीतल्या दुकानात बसा, चहा घ्या, विचारा.

माझ्या मावसभावाने मालवण तालुक्यात लिलावातून घर घेतलं. कागद उत्तम, घर रिकामं, कुलूप बँकेचं. चतुःसीमेत 'पश्चिमेस पायवाट' लिहिलेलं होतं. ती पायवाट शेजारच्या खळ्यातून जात होती आणि शेजाऱ्याने मेहेरबानीने चालू दिली होती. कर्जदाराचे आणि त्याचे संबंध चांगले होते तोवर वाट होती. भाऊ चाव्या घेऊन गेला त्या आठवड्यात तिथे गडगा उभा राहिला, चिरा अजून ओला होता. बँकेत गेलो तर उत्तर आलं, जेथे आहे जसे आहे. चूक माझीही होती. मी या धंद्यातला माणूस, आणि मी त्याला गावनकाशा काढायला सांगितलं नाही. शेवटी तहसीलदारांकडे अर्ज, मोजणी, मग शेजाऱ्याच्या घरी चार फेऱ्या, आणि दीड वर्षाने सहा फुटांची वाट विकत घेतली.

म्हणून गावनकाशा आणि मोजणीची क प्रत बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. गाडी घरापर्यंत जाते का, आणि ती ज्या जमिनीतून जाते ती कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. विहिरीचंही तसंच.

पावसात जायला सांगतो त्याला कारण आहे. बंद घर कोकणात तीन पावसाळे काढत नाही. कौलं सरकतात, वासे कुजतात, वाळवी भिंतीतून चौकटीत चढते. मूल्यांकन मार्च महिन्यात झालेलं असतं आणि फोटोत सगळं कोरडं दिसतं. वाशांना सुरीचं टोक लावून बघा, आत गेलं तर छपराचा खर्च वेगळा धरा. चिपळूणमध्ये फ्लॅट किंवा गाळा घेत असाल, तर २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते विचारा. शेजारी भिंतीवर हात ठेवून दाखवतील. पूररेषेच्या नकाशात जागा निळ्या रेषेच्या आत आहे की लाल, ते नगरपरिषदेत कळेल. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोलीच्या बाजूला ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं होतं का आणि पुन्हा कसं घातलं, हेही विचारण्यासारखं आहे.

समुद्राजवळची जागा असेल, तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, बघा. कमी वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम सहसा होत नाही. घर होमस्टे म्हणून चालवायचं मनात असेल, तर सध्याचं बांधकाम परवानगीने झालेलं आहे का, हे ग्रामपंचायतीतून आणि मंजूर नकाशावरून आधी तपासा. विनापरवाना बांधलेल्या खोल्या लिलावाने कायदेशीर होत नाहीत.

थकबाकी तर असतेच: घरपट्टी, महावितरणचं बिल, सोसायटीचा मेंटेनन्स. जुन्या वीजबिलाची थकबाकी लिलावात घेणाऱ्याकडून मागता येऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२३ चा निकाल आहे. आकडे काढा आणि बोलीतून तेवढे वजा धरा. एमआयडीसीतला प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो. त्याच्या हस्तांतराची फी महामंडळाकडे आधी विचारा.

घरात माणसं राहत असतील, तर मी नवख्या माणसाला नकोच म्हणतो. भाडेकरू आहे म्हणून कुणी कागद दाखवला तर त्याचा करार तारणाच्या आधीचा की नंतरचा, यावर वर्षं जातात.

चौथी पायरी: पैसे आधी, बोली मग

इसारा अनामत रक्कम भरल्याशिवाय बोली लावता येत नाही. ती बहुतेकदा राखीव किमतीच्या १० टक्के असते आणि बोली हरलात तर परत मिळते. जिंकलात की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी, इसारा धरून एकूण २५ टक्के भरायचे. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, पण एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. चुकलात तर भरलेले पैसे जप्त, आणि मालमत्तेवर हक्क शून्य.

पंधरा दिवसांत गृहकर्ज मंजूर होऊन हातात पडणं अवघड आहे. लिलावाच्या घराला कर्ज देणाऱ्या बँका आहेत, पण त्यांच्याकडे जाहिरात आल्याबरोबर जा. ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा व्यवहार असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा, ते विसरू नका. अमुक खात्यात भरा म्हणून फोन आला तर ऐकू नका. पैसे जाहिरातीत किंवा पोर्टलवर छापलेल्या खात्यातच जातात.

ऑनलाइन बोलीच्या दिवशी वाडीत बसू नका, रेंज आणि वीज दोन्ही दगा देतात. तालुक्याच्या ठिकाणी ब्रॉडबँड असलेल्या जागी बसा. शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, त्यामुळे घाई नसते. तुमचा वरचा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा आणि घरच्या माणसाला शेजारी बसवा, जो तुम्हाला त्यापुढे जाऊ देणार नाही.

पाचवी पायरी: नावावर करून घेणं

पूर्ण पैसे भरल्यावर प्राधिकृत अधिकारी विक्री प्रमाणपत्र देतात. त्यावर मुद्रांक शुल्क भरून दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करा. मग ते घेऊन तलाठ्यांकडे फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावर तुमचं नाव चढवण्यासाठी, अर्ज करा. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण कार्यालय तेच. अर्जासोबत बोजा कमी करण्याचं बँकेचं पत्र जोडा. हे पत्र बँकेकडून त्याच दिवशी मागून घ्या. सहा महिन्यांनी गेलात तर तो अधिकारी बदलून गेलेला असतो. फेरफाराची नोटीस लागते, हरकतीला १५ दिवस असतात. त्यानंतर ग्रामपंचायतीचा नमुना ८, वीजमीटर, सोसायटी असेल तर भागदाखला.

चाव्या घेताना पंचनाम्याची प्रत मागा. घरात राहिलेलं सामान त्या यादीत असतं आणि ते कर्जदाराचं असतं, तुमचं नाही. बँकेमार्फत त्यांना लेखी कळवा, येतील तेव्हा दोन साक्षीदारांसमोर यादीप्रमाणे द्या आणि सही घ्या. देवघरात काही राहिलं असेल तर ते आधी द्या, आणि त्या दिवशी त्यांना पडवीत बसवून चहा करा.